चऱ्होलीच्या बंद लिफ्टची एक फेरी

मी लिफ्ट बोलतेय. माझ्या जातीच्या कथा पिंपरी-चिंचवडच्या परिसरात मुख्यतः तीन रूपांत सांगितल्या जातात. हिंजवडीच्या रूपात नायिका काचेची असते, दोन मजल्यांच्या मध्ये अडकते, आणि आत कोंडलेले अभियंते तेव्हा कुठे एकमेकांची नावे विचारतात. पुनावळ्याच्या रूपात ती कोणी न बोलावता तळमजल्यावर येऊन उभी राहते; हे रूप भयकथेत मोडते, आणि ते सांगणाऱ्याचे घर हमखास पहिल्या मजल्यावर असते. तिसरे रूप चऱ्होलीचे. त्यात लिफ्ट धडधाकट असूनही हलत नाही, आणि तिच्या न हलण्याचे कौतुक छापून येते. हे रूप अन्यत्र आढळलेले नाही. मी ते अधिकाराने सांगू शकते, कारण त्यातली लिफ्ट मीच.

माझा जन्म चाकणच्या एका शेडमध्ये झाला. सहा माणसे, सात मजले आणि सरकत्या जाळीचे दार, एवढीच माझी जन्मपत्रिका. मला ‘आधारछत्र’ नावाच्या गृहसंस्थेने घेतले. कंपन्यांत राबणाऱ्या, परजिल्ह्यांतून आलेल्या कुटुंबांना परवडणारी घरे देणे हे तिचे काम. आणि त्या घरांमुळे पृथ्वीचे व समाजाचे किती भले झाले याचा अहवाल दरवर्षी काढणे, हे त्याहून मोठे काम.

सोडतीत बीडकडच्या दोन सख्ख्या बहिणींना एकाच इमारतीत घरे लागली. थोरल्या सुभद्राबाई तळमजल्यावर, धाकट्या शालनबाई सहाव्यावर. थोरलीला दमा, धाकटीचे गुडघे गेलेले. मी चालत होते तोवर शालनबाई भाकरीचे टोपले घेऊन खाली येत आणि दोघी एका ताटात जेवत.

मग मी बिघडले. दुरुस्तीला वेळ लागला, तेवढ्यात इमारतीचा वीजवापर घटला, आणि अहवाल लिहिणाऱ्या मृदुला मॅडमनी ती घट ठळक अक्षरांत मांडली. निधी देणारे प्रसन्न झाले. अहवालाचा धर्मच असा की यंदाचा चांगला आकडा पुढच्या वर्षी आणखी चांगला व्हावा लागतो. त्यामुळे दुरुस्त झाल्यावर मला सातव्या मजल्यावर उभे करून गच्चीवरच्या मशिनरूमला कुलूप घातले गेले. पायऱ्यांवर हिरवी पावले रंगवली गेली आणि त्यांचे ‘निरामय जिना’ असे बारसे झाले. मृदुला मॅडम मनाने वाईट नव्हत्या. चढण्याने माणसाचे कल्याण होते यावर त्यांची खरोखर श्रद्धा होती; त्या राहत त्या इमारतीला दोन लिफ्ट होत्या, त्यामुळे श्रद्धेची परीक्षा झाली नव्हती.

शालनबाईंना एकदा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दवाखान्यात नेण्याचा प्रयत्न झाला. वळणावर खुर्चीचा पाय मोडला. त्यानंतर त्यांनी खुर्चीचे नाव टाकले. बहिणी माझ्या रिकाम्या बोगद्यातून, जाळीला तोंड लावून बोलू लागल्या.

“शालन, शेपू केलीस का? वास खालीपर्यंत यायलाय.”

“वासासंगंच खा मग भाकर. आणखी काय पाठवू, आक्का?”

अहवालात हे ‘शेजाऱ्यांमधील दैनंदिन संवाद’ या सदरात नोंदले गेले, आणि त्या निकषावर आमची इमारत पहिली आली.

हिवाळ्यात एकदा बोलता बोलता खालचा आवाज थांबला. शालनबाई हाका मारत राहिल्या. सुभद्राबाईंना रुग्णालयात नेल्याचे त्यांना फार उशिरा कळले. सुभद्राबाई परतल्या, पण त्यांचे वाक्य आता मध्येच तुटे आणि उरलेले खोकल्यात जाई. तेव्हापासून शालनबाईंचे मागणे एकच होते: मला एकदा खाली न्या, मी आक्कापाशीच राहीन, पुन्हा वर येणार नाही. मृदुला मॅडमनी ते सहानुभूतीने ऐकले. परंतु यंदा अहवालात माझ्या नावापुढे ‘शून्य वीज’ असे लिहायचे ठरले होते, आणि एका फेरीनेही शून्य मोडले असते.

मृदुला मॅडमची चूक झाली ती खंडेनवमीला, यंत्रे-अवजारे पुजण्याच्या दिवशी. अहवालातल्या ‘सांस्कृतिक सहभाग’ या पानाला छायाचित्र हवे होते, म्हणून रहिवाशांनी माझी पूजा करावी असे त्यांनी सुचवले. आणि नेमके त्याच दिवशी अहवालाची पडताळणी करणाऱ्या हरिहर सरांना बोलावले. चौथ्या मजल्यावरचा गणराज चाकणच्या कारखान्यात, पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये काम करतो. मशीन पुसल्याशिवाय पूजेला बसत नाहीत, म्हणून त्याने सकाळीच मॅडमकडून किल्ली घेतली, दोर तपासले, तेलपाणी केले, ब्रेक पाहिला. इतके लाड माझे जन्मापासून कोणी केले नव्हते.

हरिहर सर निरामय जिन्याने सातव्या मजल्यावर पोहोचले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हते. खुणेनेच त्यांनी पाणी मागितले. मला झेंडूचा हार घातला गेला, हळदकुंकू लागले, नारळ फुटला, छायाचित्रे निघाली. मग गणराज मशिनरूमकडे वळला.

“आता कुठे निघालास?” मॅडमनी विचारले.

“चालू करतो. आमच्या कंपनीत पूजा झाली की मशीन एकदा फिरवतात, मॅडम. न्हाईतर पूजा अर्धी राहते.”

“अरे, पण फोटो झालेत. चालवायची गरज नाही.”

“फोटो तुमचे झाले. पूजा आमची हाय.”

जमलेल्यांत कुजबुज झाली. अर्धी पूजा घरावर कोणालाच नको होती. मॅडमनी आधारासाठी हरिहर सरांकडे पाहिले. सरांनी एकवार जिन्याकडे पाहिले, कपाळ पुसले आणि म्हणाले, “लोकांच्या परंपरेचा मान राखला पाहिजे.” एवढे बोलून ते माझी जाळी सरकवून आत उभे राहिले.

हे सारे बोगद्यातून खाली ऐकू जात होते. तळमजल्यावरून, खोकला मध्ये घेत, आवाज आला, “शालन, पिशवी भर.”

“भरलीया. कवाचीच भरलीया.”

गणराजने स्विच दाबला. मी थरथरले, आणि निघाले. सहाव्या मजल्यावर शालनबाई जाळी धरून उभ्या होत्या. हरिहर सरांनी बाजूला सरकून जागा केली. वरून मृदुला मॅडमनी विचारले की मावशी, अहवालासाठी मुलाखत आधी देता का. शालनबाईंनी आत येऊन जाळी ओढून घेतली. त्या मजले बघत होत्या.

तळमजला आला. हरिहर सरांनी दार उघडले. सुभद्राबाई समोरच होत्या. त्यांनी बहिणीला वरपासून खालपर्यंत पाहिले.

“लई जाड झालीस गं.”

“तू किती वाळलीस, माय.”

सुभद्राबाईंनी पिशवी घेतली. शालनबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. दोघी हळूहळू घरात गेल्या आणि आतून कडी लागली.