आवाज आला, चित्र नाही

कागलच्या इमारतीतून आवाज येत होता. ऑक्सिजनची फुसफुस, मॉनिटरची टुकटुक, कुणीतरी फरशीवरून ओढलेलं स्टूल. पण मीनाबाईंच्या पलंगासमोर धरलेला टॅबलेट काळाच होता.

"थांब हं आई," संघप्रिया नुसत्या ओठांनी म्हणाली.

मीनाबाईंना ऐकू येत नसे. उमेदीची वर्षं इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेली आणि त्या खडखडाटानं कान नेले. त्यांचे यजमान बाबासोही त्याच शेडमध्ये होते. माग सुरू असताना ओरडून उपयोग नसतो, म्हणून तिथली माणसं ओठांकडे बघून बोलतात. हे दोघं घरीही तसंच बोलत. भांडणंसुद्धा आवाज न काढता. लहानपणी संघप्रियाला वाटायचं, सगळ्यांचेच आईबाप असे असतात.

आता मीनाबाई मांडीच्या हाडाचं ऑपरेशन होऊन रुग्णालयाच्या कोल्हापुरातल्या इमारतीत पडून होत्या, आणि बाबासो न्यूमोनियानं कागलच्या संसर्ग विभागात. तिथे नातेवाइकांना आत सोडत नसत, मोबाइलला रेंज नव्हती. म्हणून खाटेशी कॅमेरा आणि पडदा बसवला होता. रुग्णालयाचं नेटवर्क संघप्रिया सांभाळायची. दोन इमारतींमधला हा मार्ग तिनंच आखलेला.

टॅबलेटमधून डॉक्टर राजनंदिनींचा आवाज आला. "संघप्रिया, श्वास फार खालावलाय. घशात नळी घालावी लागणार. त्याआधी आईंशी बोलून घेऊ दे त्यांना. पण मला फार वेळ थांबता येणार नाही."

"मॅडम, इथे चित्रच येत नाहीये."

"इकडं तर तुमच्या आई स्वच्छ दिसताहेत."

संघप्रियानं टॅबलेट तोंडाजवळ घेतला. "बाबा, मला सांगा. मी आईला सांगते. जरा मोठ्यानं बोला."

नुसती फुसफुस. मग धापेतून तुटके शब्द आले, "तुला न्हाय... तिला सांगायचं हाय."

तिनं टॅबलेट आईसमोर टेकवून ठेवला. "तू त्यांना दिसतेस," ती ओठांनी म्हणाली. "तुला दिसेल असं करते. आलेच." आणि जिना उतरून सर्व्हरच्या खोलीकडे धावली.

तिथल्या नेटवर्क स्विचमध्ये हिशेब विभागाची वायर, लॅबची वायर आणि रुग्णांच्या पडद्यांची वायर शेजारी-शेजारी खोचलेल्या होत्या, तरी त्यांना एकमेकींचा पत्ता नव्हता. प्रत्येकीचं व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कमधलं आभासी घर, वेगळं. माहितीच्या तुकड्यावर, म्हणजे पॅकेटवर, ज्या व्हीलॅनचा क्रमांक, त्याच घरात ते जाणार. हे क्रमांक कागलपर्यंत टिकावेत म्हणून टनेल होता. इथला स्विच प्रत्येक पॅकेटवर आणखी एक वेष्टण चढवायचा, भाड्याच्या फायबरवरून तसंच पुढे धाडायचा, आणि कागलला ते वेष्टण उतरवलं जायचं. तिथल्या कॅमेऱ्याच्या लेखी तो कोल्हापूरच्याच खोलीत होता.

तिनं कागलच्या अनेकांतला फोन लावला. तिकडची यंत्रं तो बघायचा. तिच्या सांगण्यावरून त्यानं पिंग केलं, म्हणजे छोटी चाचणी-पॅकेटं पाठवून वाटेत एखादं गळतं का ते बघितलं.

"ताई, पिंग एक नंबर चाललंय की! एक बी पडंना."

"पिंगचं पॅकेट केवढुसं असतं, अनेकांत."

"मग फायबरवाल्या पावण्यांस्नी शिव्या घालू काय? त्या कामात आपला हात कुणी धरत न्हाय."

"मोठं पॅकेट पाठव. काठोकाठ भरलेलं."

कळफलकाचा आवाज आला. मग अनेकांतचा सूर बदलला. "पडलं. परत पडलं. सगळीच पडत्यात, ताई."

वेष्टण चढलं की पॅकेट जरा जाड होतं. वाटेतल्या एखाद्या स्विचला तेवढी मुभा दिलेली नसेल, तर भरलेलं पॅकेट तो टाकून देतो, आणि कुणाला काही कळवत नाही. आवाजाची पॅकेटं लहान, ती निभावतात. इथला टॅबलेट साधा. तो चित्रही बारीक तुकड्यांत पाठवायचा. कागलचा कॅमेरा चांगल्यातला होता. तो प्रत्येक पॅकेट भरून पाठवायचा.

"तुझ्याकडचा मधला स्विच..."

"नवा हाय की त्यो. जुना जळाला न्हवं का? तुमीच तपासून चालू म्हणालासा."

ती म्हणाली होती. पिंग करून. आई न्हाणीत पडल्याचा निरोप आला होता आणि ती पायात चपला सरकवत होती.

"त्यात मोठ्या पॅकेटला परवानगी नाही दिलेली. मी सांगते तसं टाईप कर."

ती सांगत गेली, तो करत गेला. एकदा पासवर्ड चुकला, एकदा भलत्याच स्विचमध्ये शिरला. शेवटी ओरडला, "ताई, गेलं! मोठं बी जातंय!"

ती जिना चढून आली तेव्हा टॅबलेटवर चित्र होतं. इतकं स्वच्छ, की उशीच्या अभ्र्यावरची शिवण दिसावी. बाबासो डोळे मिटून पडले होते. तोंडात नळी होती आणि ओठांवरून चिकटपट्टी आडवी गेली होती.

"वेळेत झालं बघा," डॉक्टर मास्कमधून म्हणाल्या. "निवांत बोलले ते. आवाज न काढता, पण सगळं सांगून संपवलं. तुमच्या आई मान हलवत होत्या ना, तेव्हाच मी ओळखलं, चित्र आलं म्हणून. मग तेच मला म्हणाले, चला."

संघप्रिया आईकडे वळली. "तुला दिसत होतं?"

"कुठलं? आत्ता आलंय की हे."

"मग मान कशाला हलवलीस?"

"मी दिसत हुते न्हवं त्यास्नी? तूच म्हणालीस." मीनाबाई मोठ्यानं बोलल्या, पलीकडच्या पलंगावरची बाई वळून बघू लागली. "धाप लागलेल्या माणसाला किती थांबवायचं, संघे? हात केला, दिसतंय म्हटलं. काळ्या पाटीकडं बघून हां हां करत बसले. बोलून मोकळं झालं तुझं बाबा."

"काय म्हणाले असतील?"

मीनाबाईंनी टॅबलेटवरच्या चिकटपट्टीकडे बोट केलं. "आता काय दिसतंय त्यात?"

संघप्रिया पलंगाच्या कडेला बसली. आपली चूक आईला सांगावी म्हणून तिनं ओठ उघडले. पण मीनाबाई चित्राकडे बघत होत्या, आणि त्यांच्याशी बोलायचं तर त्यांनी आपल्याकडे बघायला हवं होतं.

थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "तुझं बाबा शुद्धीवर आलं तर त्यास्नी हे बोलू नगं. जलमभर म्हणत आल्यात, मीने, तुला खोटं जमत न्हाय, तोंडावर दिसतंय."

ते लपवायची वेळच आली नाही. बाबासो दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. तोवर मीनाबाई टॅबलेटसमोरून हलल्या नाहीत, आणि चित्र एकदाही अडकलं नाही.