उंबऱ्यावरचं ताट

मंद्रूपच्या पुढच्या त्या गावात शिक्षक टिकत नसत, आणि यात गावाचा काडीचाही दोष नाही, असं सरपंच रुद्रप्पाचं ठाम मत होतं. गाव गुरुजींना देवासारखं वागवायचं. शाळेमागच्या त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर दोन्ही वेळा झाकलेलं ताट ठेवायचं आणि मागं न बघता निघून यायचं, ही तिथली रीत. त्यांच्या बरोबरीनं बसायचं नाही, घरच्या गप्पा मारून त्यांना छळायचं नाही, एवढी अदब लहान पोरांनाही होती. तरी पहिले गुरुजी वर्षात बदली घेऊन गेले. भाकरी कोरडी लागली असेल म्हणून गावानं दुसऱ्यांना दूध सुरू केलं. ते दिवाळीलाच गेले. तिसऱ्यांच्या ताटात तूप आलं, आणि ते तर राहिलेली पेटी न्यायलाही परत फिरकले नाहीत.

आता वैरागच्या वच्छलाबाई आल्या होत्या. पोरांची घरात कानडी, पुस्तकात मराठी. पण बाईंनी त्यांना वाचतं केलं. रुद्रप्पाची नात तर शेंगदाण्याच्या पुडीचा कागदही सोडत नसे. त्यामुळं शाळा तपासायला आलेले साहेब "बाईंनीही बदली मागितलीय" म्हणाले, तेव्हा रुद्रप्पानं त्यांना जागचं हलू दिलं नाही. या गेल्या तर दुसरं माणूस कधी मिळेल, साहेबांना सांगता येईना. आम्ही नेमणूक करतो, माणूस का जातो हे कधी कुणाला विचारलं नाही, असंही ते बोलून गेले. विचारलं तर रुद्रप्पानंही नव्हतं.

तो तडक शाळेमागं गेला आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"बाई, आमचं काय चुकलं? तूप कमी पडतंय व्हय?"

वच्छलाबाईंनी उंबऱ्यावरचं झाकलेलं ताट बाजूला सारलं.

"अप्पा, आल्यापासून माझ्यासमोर बसून कुणी जेवलं नाही. शाळा सुटली की दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेपर्यंत माझ्याशी कुणी बोलत नाही. तुपाशी काय बोलू?"

तीन भली माणसं आपण आदरानं हाकलून लावली, हे रुद्रप्पाला तिथं कळलं, आणि तो मनातून फार खजील झाला.

संध्याकाळी त्यानं बाईंना घरी आणलं. पाहुण्यांसाठी पाट मांडा म्हणाला. पण त्याची बायको गौरम्मा चुलीपुढून उठलीच नाही. तिचं मराठी बेताचं. तिनं शेजारी सरकून "बा, कुंद्रु" म्हणत जागा करून दिली आणि मेथीची जुडी बाईंच्या पुढ्यात टाकली. बाईंना काम सांगितलेलं बघून सरपंचाला घाम फुटला. त्यानं डोळे वटारले, पण बायकोनं लक्ष दिलं नाही. बाईंनी पदर खोचला. मेथी निवडता निवडता त्या वैरागच्या आईचं सांगू लागल्या आणि मध्येच रडल्या. गौरम्माला त्यातलं निम्मंच कळलं असेल, पण आई म्हणजे अव्वा एवढं कळलं, आणि तिनं त्यांचा हात धरून ठेवला.

सकाळी खोलीवर दूध पोचवायचं राहून गेलं. आता मात्र संपलं, असं म्हणत रुद्रप्पानं घाईघाईनं पायात जोडे घातले. तोवर वच्छलाबाईच तांब्या घेऊन अंगणात शिरल्या. त्याच्याकडे न बघता थेट चुलीपाशी जाऊन कुरकुरल्या, "अव्वा, माझं दूध विसरलीस की गं."

रुद्रप्पानं जोडे काढून ठेवले.