आधी धुवा, मग रंगवा

मित्रांनो, मी एका जुन्या यूटचा डॅशबोर्ड आहे. यूट म्हणजे पुढे दोन माणसं आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी. वुंगारा गावच्या उन्हात एकतीस वर्षं काढली मी. अंगाला भेगा पडल्या, रंग उडाला. पण दर रविवारी माझा मालक क्लॅरी मला चकचकीत करणारं तेलकट पॉलिश चोपडायचा. एवढं प्रेम त्याने दाढीवरही केलं नाही.

जानेवारीत, आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, क्लॅरी गेला.

त्याची मुलगी ग्लेनिस म्हणाली, "बाबांना शुक्रवारी त्यांच्याच गाडीतून न्यायचं. आणि आतून त्यांच्या फुटबॉल क्लबच्या रंगात. लाल-पांढरी." रंगाचे फवारणीचे डबे क्लॅरीनेच आणून ठेवले होते. दोन हिवाळे नुसता बघत बसला होता त्यांच्याकडे.

"मी मारतो रंग," नेव्ह म्हणाला. हा क्लॅरीचा धाकटा भाऊ.

"काका, डब्यावर लिहिलंय, आधी साबणाने धुवा."

"अगं, दादाने जन्मभर हेच पुसलंय. याच्याइतकी स्वच्छ वस्तू गावात नाही. आणखी काय धुवायचं?"

"पातळ थर द्या, असंही लिहिलंय."

"डबा लिहिणारा वुंगाऱ्यात येऊन गेलाय का कधी? होतंय गं सगळं!"

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पॉलिशवर रंग बसत नाही. फवारा बसताच रंग आक्रसला, अंगभर गोल गोल खड्डे पडले. नेव्हने त्यावर दुसरा जाड थर मारला. मग तिसरा. वरचा भाग पांढराशुभ्र, खालचा लाल. सामानाचा कप्पा रंगाने कायमचा चिकटला. त्यात नेव्हचा चष्मा होता.

शुक्रवारी भर दुपारी निघालो. हौद्यात क्लॅरीची शवपेटी, पट्ट्यांनी घट्ट बांधलेली. मागे गावच्या चाळीस गाड्या. नेव्ह चालवत होता, शेजारी ग्लेनिस. ऊन माझ्या पांढऱ्या पाठीवर पडलं आणि तिथून थेट समोरच्या काचेत. काचेत रस्ता दिसेना, मीच दिसू लागलो.

"काका, हळू!"

"हळूच चाललोय. कुठे ते मात्र विचारू नकोस."

त्याने पुढे वाकून माझ्यावर कोपर टेकलं. काळ्या कोटाला हातभर पांढरा पट्टा आला. तेवढ्यात कबरस्तानाच्या फाटकासारखे दोन पांढरे खांब दिसले आणि त्याने गाडी आत घातली.

"काका, हे कबरस्तान नाही. हे फुटबॉलचं मैदान आहे!"

मागे वळायला जागा कुठली? चाळीसही गाड्या आमच्यामागे आत शिरल्या होत्या. "दादाचा शेवटचा दिवस," नेव्ह म्हणाला, "आणि मी त्याचं हसं केलं गं."

ग्लेनिसने आपला काळा कोट काढून माझ्यावर पसरला. चकाकी गेली, समोरचं दिसायला लागलं. "चालवत राहा," ती म्हणाली. "कडेकडेने."

आमच्याकडे गोल झाला की मैदानाभोवती उभ्या असलेल्या गाड्या हॉर्न वाजवतात. मागच्यांना वाटलं, ही फेरी ठरवूनच आहे. आधी एकाने हॉर्न दिला. मग चाळीसही गाड्या वाजू लागल्या. मैदानावर पाणी मारणारा म्हातारा पाइप टाकून, टोपी काढून उभा राहिला. नेव्ह ढसाढसा रडत गाडी हाकत होता. ग्लेनिसने पुढे होऊन आमचाही हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला.

मग आम्ही क्लॅरीला कबरस्तानात पोहोचवलं. संध्याकाळी ग्लेनिसने कोट उचलला, तर माझी अर्धी कातडी त्याच्याबरोबर गेली. त्या दिवशी सगळे नेव्हची पाठ थोपटत होते, "काय सुचलं रे तुला!" तो बिचारा मान खाली घालून उभा होता.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना हौसेने रंगवा. पण आधी साबणाने धुवा, नीट वाळू द्या. चुकीच्या प्रत्येक वळणावर मैदान नसतं.