सहा मीटरचं घर

कॅम्पर व्हॅन भाड्याने देणाऱ्या माणसाने आम्हाला अर्धा तास सगळं समजावून सांगितलं. गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी, बाकाचा पलंग कसा करायचा, छताजवळची खाट कशी खाली ओढायची. मी नुसती मान हलवत होतो. मी लिफ्ट दुरुस्त करतो. खटके, कड्या, सरकती दारं हे माझं रोजचं काम. त्यामुळे तो गेल्यावर मी ऐटीत दार सरकवलं, बाहेर ओढलेल्या पायरीवर पाय ठेवला, आणि खटका न बसलेली ती पायरी माझ्यासकट खाली आली. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. वीस वर्षं लोकांच्या लिफ्टचे खटके तपासणारा माणूस दीड फुटावरून पडला, हे दवाखान्यात सांगताना हातापेक्षा अभिमान जास्त दुखत होता.

प्लास्टर घालून बाहेर आलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. बायको, आमची बारा वर्षांची खारू आणि माझे सासरे बाकावर ओळीने बसले होते. खारूला हे नाव तिच्या खिशांमुळे पडलंय. बिया, बटणं, खडे, हाताला लागेल ते ती खारीसारखं साठवते.

"आता काय, घरीच ना?" मी विचारलं.

"घरी कशाला?" बायको म्हणाली. "मी चालवीन."

सासरे समोरच्या भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता मन लावून वाचायला लागले.

त्यांच्या या गप्प बसण्याला पंचवीस वर्षांचा इतिहास होता. सासरे शहरात बस चालवायचे. छत्तीस वर्षं. बायको एकोणीस वर्षांची असताना एका रविवारी त्यांनी तिला मित्राच्या गाडीवर शिकवायला नेलं. दुसऱ्याच वळणावर त्यांनी आवाज चढवला, तिसऱ्यावर स्टीअरिंग हातात घेतलं, आणि घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, "हिच्याच्याने नाही व्हायचं." ती पुढे क्लास लावून शिकली, पहिल्या फटक्यात परीक्षा पास झाली. पण त्या दिवसापासून ती चालवत असलेल्या गाडीत सासरे कधी बसले नाहीत. काही ना काही कारण असायचंच. या सहलीलाही ते आले ते त्यांच्या इमारतीतले पाइप बदलायला काढल्यामुळे आणि आठवडाभर नळाला पाणी नसल्यामुळे. आणि गाडी मी चालवणार होतो म्हणून.

"बाबा, पुढे बसा," बायको म्हणाली. "मागे याला आडवा पाय पसरायला जागा हवी."

"पाय मोडलेला नाही माझा," मी म्हणालो.

"तू बोलूच नकोस."

घरी परतावं तर नळाला पाणी नव्हतं, तेव्हा सासरे पुढे चढले. निघालो. पहिल्या मोठ्या वळणावर सगळे खण एकदम बाहेर आले. चमचे, ताटल्या, मुरंब्याची बाटली, सगळं खारूच्या पायाशी. भाड्याने देणाऱ्याने खणांच्या कड्यांबद्दल सांगितलं असणार, पण तेव्हा मी मान हलवत होतो.

"आमच्या बसमध्ये माणसं दांडी धरून उभी राहायची," सासरे मागे न बघता म्हणाले. "ताटल्यांना हात नसतात."

तासाभरात तेवढंच ते बोलले. पण मागच्या बाकावरून मला त्यांचा उजवा पाय दिसत होता. प्रत्येक सिग्नलला तो जमिनीवर दाबला जायचा. बायकोलाही दिसत असणार. तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

संध्याकाळी आम्ही तळ्याकाठी एका मैदानात गाडी लावली, आणि मग खरं शिक्षण सुरू झालं. सहा मीटर लांबीच्या घरात चार माणसं राहायची म्हणजे एक उठला की बाकीच्या तिघांनी पाय वर घ्यायचे. एकाने शेगडी लावली की दुसऱ्याने कपडे बदलायचे नाहीत. अंथरूण घालायचं तर आधी टेबल मिटायचं, टेबल मिटायचं तर आधी जेवण संपवायचं, आणि खारूचं जेवण कधी संपत नाही. तिथे कुणाला काही लपवता येत नाही. मी गोळी घेतो तेव्हा तोंड वाकडं करतो, हे लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर बायकोला तिथे कळलं.

सासऱ्यांना आम्ही एरवी महिन्यातून एकदा भेटायचो, त्यांच्या घरी. ते दार उघडायचे, आपल्या खुर्चीत बसायचे. चहा व्हायचा, तासाभरात आम्ही परत. चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हापासून ते आमच्याकडे यायचे बंद झाले होते. बोलावलं की "बघू" म्हणायचे. बायकोने ते मनाला लावून घेतलं होतं. "मी केलेलं त्यांना काही आवडतच नाही," असं तिने एकदा मला सांगितलं, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

आता तेच सासरे आमच्यापासून हातभर अंतरावर होते. ते सारखे डाव्या खांद्याने कपाटाला धडकत. जागाच अरुंद, असं मी धरून चाललो. त्यांनी कप टेबलावर ठेवला तो निम्मा कडेबाहेर, आणि खारूने काही न बोलता तो आत सरकवला. इतक्या सवयीने, की मी तिला बाहेर गाठून विचारलं.

"आजोबांना या बाजूचं कळत नाही," ती आपला डावा कान धरून म्हणाली. "इकडून हाक मारली की दचकतात. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी बायकोला सांगितलं. ती कांदा चिरत होती. सुरी थांबली, मग पुन्हा चालू झाली. "म्हातारे झालेत," ती म्हणाली. तिने ते ऐकूनच घेतलं नाही, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगर चढायचा होता. रस्ता नकाशावर दिसतो त्यापेक्षा बराच अरुंद निघाला. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला गुडघ्याएवढा कठडा आणि त्यापलीकडे नुसती हवा. बायको दुसऱ्या गिअरमध्ये, दात आवळून. एका वळणावरून समोर बस आली. भरलेली, आणि तिच्यामागे चार गाड्या. बस थांबली. आम्ही थांबलो. बसवाल्याने दोनदा दिवे मारले.

"ती मागे जाणार नाही," सासरे म्हणाले. "तिच्यामागे रांग आहे. आपल्यालाच जावं लागेल. आपण आलो ना, तिथे एक रुंद जागा होती. शंभर पावलं असेल."

बायकोने हँडब्रेक ओढला आणि पट्टा सोडला. चेहरा पांढराफटक. "बाबा, तुम्ही घ्या."

"नाही."

"बाबा, ही वेळ नाहीये. मला नाही जमणार. तुम्हीच म्हणाला होता ना, नाही जमणार म्हणून? या इकडे."

"मी नाही घेऊ शकत."

"का?"

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मला दिसत नाही, पोरी. डावीकडचं जवळजवळ काहीच नाही. लायसन्स चार वर्षांपूर्वी परत दिलंय."

समोर बसवाल्याने पुन्हा दिवे मारले.

"जावयाला मागे उभं कर," सासरे पुढे म्हणाले, आवाज अगदी साधा. "त्याचा एक हात धड आहे, इशाऱ्याला एक पुरतो. तू आरशात बघ, माझ्याकडे नको. जेव्हा शंका येईल तेव्हा थांब. थांबायची लाज वाटू देऊ नकोस. मी छत्तीस वर्षं थांबत आलोय."

मी उतरलो. गाडीच्या मागे जाऊन, आरशात दिसेन असा कठड्याला चिकटून उभा राहिलो आणि डावा हात वर केला. माझी बायको कवळ्या बनवते. अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर माणसाला घास चावता येत नाही, असं काम. घरी मी तिला भिंगाखाली एकेक दात घासताना पाहिलंय. त्या वेळी तिला हाक मारली तरी ऐकू जात नाही. ती गाडी तशीच मागे आली. एक वीत, थांबली. दोन हात, थांबली. एकदा मागचं चाक कठड्याच्या इतकं जवळ आलं की मी ओरडलो. ती थांबली, पुढे गेली, चाक सरळ केलं आणि पुन्हा मागे आली. किती वेळ गेला कोण जाणे. खारू नंतर म्हणाली की ती अकरा वेळा थांबली.

काचेतून मला सासरे दिसत होते. ते समोर बघत होते. एक शब्द बोलले नाहीत. पाय मात्र दिसला नाही मला.

रुंद जागेत गाडी शिरली. बस शेजारून घासत गेल्यासारखी गेली, आणि ड्रायव्हरने हात वर केला. बायकोने इंजिन बंद केलं, दार उघडून उतरली आणि कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. मी पाण्याची बाटली दिली. तिने ती घेतली नाही.

"चार वर्षं?" ती गाडीकडे वळून म्हणाली.

सासरे उतरले, दाराला धरून. मग त्यांनी सांगितलं. निवृत्तीला अकरा महिने उरले असताना एका थांब्यावरून निघताना बसच्या आरशाने एका बाईच्या खांद्यावरची पिशवी उडवली होती. बाईला ओरखडाही नाही. तिने पिशवी उचलली, चार शिव्या दिल्या आणि गेली. कुणी तक्रार केली नाही. "पण ती मला दिसलीच नव्हती," ते म्हणाले. "पिशवीच्या जागी डोकं असतं तर? मी पाळी संपवली, बस डेपोत लावली आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला."

"आम्हाला म्हणालात कंटाळा आला."

"मग काय सांगू? आयुष्यभर तुझ्या आईला ऐटीत सांगितलं, माझ्या हातून एक कोंबडीसुद्धा मेली नाही."

"आणि आमच्याकडे यायचं का बंद केलंत?"

सासरे म्हणाले, "तुमच्या घरापुढे तो मोठा रस्ता आहे ना. दोनदा आलो होतो. ओलांडता आला नाही. परत गेलो."

मला वाटलं, आता ती रडेल, त्यांच्या गळ्यात पडेल. तसं काही झालं नाही. ती भयंकर चिडली. "मी चार वर्षं समजत होते की तुम्हाला मी नकोशी झालेय," ती म्हणाली. "एक फोन करायचा होता. मी आले असते न्यायला."

"तुझ्या गाडीत?" ते म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं, आणि त्यांनी मान खाली घातली.

त्या दिवशी ती त्यांच्याशी बोलली नाही. पण सहा मीटरच्या घरात अबोला धरणं भारी अवघड. मीठ मागायचं तरी त्यांच्याच डोक्यावरच्या कपाटात. तिने रागारागाने भांडी घासली, नळ सोडून. रात्रीच्या जेवणाआधीच टाकी रिकामी झाली. चौघांच्या वाट्याला दीड बाटली पाणी उरलं. मग काय करणार? वाटून घ्यावं लागलं. बायकोने चार पेल्यांत पाणी ओतलं, त्यांचा पेला टेबलाच्या मध्यभागी ठेवला आणि म्हणाली, "परत गेलो की डॉक्टर."

"बघू."

"बघू नाही, बाबा."

त्यांनी पेला उचलला. "बरं," म्हणाले.

उरलेले दोन दिवस तीच गाडी चालवत होती. सासरे पुढेच बसले. आता ते बोलायचे, पण वेगळं. कुठल्या रस्त्यावर पहाटे धुकं असतं, ब्रेकचा वास आला तर काय करायचं, ब्रेक फेल झाला म्हणून घाबरलेला एक नवखा ड्रायव्हर कसा वाळूच्या ढिगात बस घालून सुखरूप उतरला होता. ती "हं" म्हणायची. कधी हसायची, कधी नाही. राग उतरायला तिला वेळ लागतो, हे मला पुरेपूर ठाऊक आहे.

परत आल्यावर चौथ्या दिवशी आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. एका यंत्रात हनुवटी टेकवून त्यांना बसवलं. ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी आणि बायको दाराशी उभे होतो. बराच वेळ बटणाचा आवाजच यायचा नाही, आणि बायको माझ्या धड हाताचा पंजा दाबून धरायची. शेवटी कागद छापून आला. त्यावर एका बाजूला मोठा काळा डाग होता.

"गेलेली नजर परत येणार नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या. "उरलेली थेंबांनी राखता येईल. रोज दोन वेळा, चुकवायचं नाही."

"चार वर्षांपूर्वी आलो असतो तर?" सासऱ्यांनी विचारलं.

डॉक्टर बाईंनी खांदे उडवले नाहीत की समजूतही काढली नाही. "डाग लहान असता," म्हणाल्या.

बायकोने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. मला वाटलं, आता काहीतरी टोचून बोलेल. ती फक्त "चला" म्हणाली. बाहेरचा बोळ लांब होता. खुर्च्या, चाकांचे स्टँड, इकडून तिकडे पळणारी माणसं. तिने त्यांचा हात धरला नाही, त्यांना ते चाललं नसतं. ती नुसती त्यांच्या डाव्या बाजूला गेली आणि त्यांच्या चालीने चालू लागली.