माझा तळ पातळ होता

मित्रांनो, मागच्या गॅलरीत रंगाचे अर्धे डबे आणि एक मोडकी छत्री सांभाळत बसलेला लाकडी खोका तुम्हाला दिसतो ना, तो मी. खोका म्हणतात म्हणून म्हणायचे. खरे तर मी कपाट आहे. स्वयंपाकघरात शेगडीच्या वर, भिंतीवर, सगळ्यांच्या नजरेत माझे आयुष्य गेले. आज मला दारे आहेत, बाजू आहेत, पाठ आहे, पण तळ नाही. तो कसा गेला, तेवढे ऐकून घ्या. कुणाला नावे ठेवायला मी बोलत नाही. मनात साठले आहे, ते हलके करतो.

या घरात एक मुलगी आहे. तिला सगळे चिमणी म्हणतात, जरी ती आता आईच्या खांद्याला लागली आहे. ती ज्यांना जे म्हणते तेच मीही म्हणतो. तर चिमणीचे बाबा तेव्हा बाबा नव्हते, नवे नवे नवरे होते. कामावरून आले की बाही दुमडून लाकडाशी बसायचे. मोडीत निघालेल्या एका जुन्या दाराच्या जाडजूड फळ्या त्यांना मिळाल्या होत्या. त्यांतून माझ्या बाजू झाल्या, माथा झाला. तळाची वेळ आली तेव्हा फळ्या संपल्या. मग सामानाच्या एका खोक्याचे पातळ प्लाय कापून त्यांनी ते खालून बसवले, डिंक लावला आणि बारीक खिळ्यांच्या चुका ठोकल्या. समोरून त्याची कड दिसू नये म्हणून एक रुंद पट्टी मारली. वर रंग दिला.

"हलके डबेच तर ठेवायचेत," असे ते स्वतःशीच पुटपुटले होते. त्यात खोटे काही नव्हते. हलक्या डब्यांना तेवढा तळ पुष्कळ होता. ज्याला जेवढी ताकद मिळाली त्याने तेवढे वाहावे, यात कमीपणा कसला? मी चहा, साखर, मीठ, फोडणीचे सटरफटर सामान रोजचा नेम मानून वाहत राहिलो. वाफ खाल्ली, तेलकट धूर अंगावर घेतला. आई दर आठवड्याला कोमट पाण्याने मला पुसायची आणि मी पुन्हा उजळायचो.

माझे कौतुक मात्र माझ्या ताकदीपेक्षा फार मोठे झाले. घरी कुणी आले की आई पदराला हात पुसत आधी माझ्याकडे बोट दाखवायची.

"हे ह्यांनी केलंय. घरी, स्वतःच्या हातानं."

पाहुणे उठून यायचे आणि माझी बाजू बोटांनी ठोकून बघायचे. बाजू होती दाराच्या फळीची, ती खणखणीत वाजायची. तळाशी कुणी हात नेला नाही. बाबा पहिल्यांदा नुसते हसायचे. पुढे म्हणू लागले, "अस्सल लाकूड आहे." आणखी काही वर्षांनी म्हणू लागले, "सगळीकडून अस्सल. हत्ती बसला तरी हलायचं नाही." मलाही ते ऐकून बरे वाटायचे, हे लपवत नाही. आपल्याला घडवणारा आपल्याबद्दल असे बोलतो, तेव्हा मन भरून येते. त्या बोलण्याची किंमत आपल्यालाच मोजावी लागेल, हे कुणाच्या मनात येते?

मग मामाने मायक्रोवेव्ह आणला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. टेबलावर ठेवायचा साधा नव्हे, शेगडीच्या वर टांगायचा. खालून दिवा, धूर ओढायचा पंखा, असा सगळा जामानिमा. दोन माणसांना उचलावा लागेल इतका जड. आई ओट्याजवळच्या गर्दीला कंटाळली होती, म्हणून बहिणीसाठी भावाने हौसेने घेतलेला.

मामा जरा सावध स्वभावाचा. त्याने आधी मेन स्विच बंद केला आणि चिमणीला तिथेच उभे केले.

"कुणी आलं तरी हात लावू द्यायचा नाही. मी सांगेपर्यंत."

"आणि मला तहान लागली तर?"

"तर मामाच्या नावानं आवंढा गिळायचा."

आमची भिंत आतून पोकळ, मधे मधे उभी लाकडे. मामाने भिंत ठोकत ठोकत एक उभे लाकूड शोधले. एका बारीक खिळ्याने खात्री केली. मायक्रोवेव्हची मागची बाजू ज्यात अडकते ती लोखंडी पाटी त्याने लांब स्क्रूंनी त्या लाकडात घट्ट बसवली. जिथे लाकूड नव्हते तिथे पोकळ भिंतीत आत जाऊन पंख उघडणारे बोल्ट घातले. शेगडीपासूनचे अंतर टेपने दोनदा पाहिले. भिंतीकडची बाजू त्याने अगदी मन लावून केली. म्हणूनच पुढे जे व्हायचे ते अर्ध्यावर राहिले.

पण मागची बाजू भिंत धरते, पुढची बाजू मी. वरच्या कपाटाच्या तळातून दोन लांब बोल्ट खाली सोडायचे आणि त्यांनी मायक्रोवेव्ह वर ओढून धरायचा, अशी ती रचना. मामाने सोबतचा कागद चाळला आणि विचारले, "दाजी, कपाटाचा तळ जाड आहे ना? पातळ असेल तर आत एक भक्कम फळी आडवी टाकून तिच्यातून बोल्ट घ्या म्हणतायत. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल, मी पाच मिनिटांत घेऊन येतो."

मित्रांनो, त्या क्षणी मी बाबांकडे बघत होतो. फक्त त्यांनाच ठाऊक होते. "पातळ आहे रे, आण फळी," एवढेच म्हणायचे होते. बाबांनी आईकडे पाहिले. ती कौतुकाने माझ्याकडेच बघत होती.

"माझ्या कपाटाला टेकू लावणार तुम्ही, पाहुणे?" बाबा म्हणाले. "हे मी केलंय."

"तसं नव्हे दाजी, कागदात आहे म्हणून विचारलं."

"कागद दुकानातल्या कपाटांसाठी. द्या इकडे ते बॅटरीवरचं ड्रिल, भोकं मीच पाडतो."

ते स्टुलावर चढले, माझ्या आत वाकले आणि खांद्याने सगळ्यांची नजर अडवली. ड्रिल टेकताक्षणी माझ्या तळातून आरपार गेले. पापड फुटावा तसे. पण बाबांनी ते थांबवले नाही. पुढे लाकूड उरलेच नव्हते, तरी ते दात-ओठ खात ड्रिल नुसते हवेत फिरवत राहिले.

"बरंच घट्ट दिसतंय लाकूड," खालून मामा म्हणाला.

"मग काय," बाबा म्हणाले.

माझ्या आयुष्यात मला उष्णता लागली, ओल लागली, झुरळे लागली. पण ते रिकामे फिरणारे ड्रिल जसे लागले तसे काही लागले नाही. माझा पातळपणा त्यांच्यासाठी इतका लाजिरवाणा होता, हे मला त्या दिवशी कळले. ज्याने मला पातळ केले त्यालाच माझी लाज वाटत होती.

दोघांनी मायक्रोवेव्ह उचलून मागे अडकवला आणि वर ढकलून धरला. वरून बोल्ट आवळायला आई स्टुलावर चढली.

"अहो, बोल्टाखालची ही चकती लाकडात रुततेय."

"लाकूड आहे ते, थोडं दबणारच. आवळ."

"करकरतंय."

"आवळ म्हणतो ना."

तिने आवळले. दोघांनी हात काढले आणि पुढचा सगळा भार माझ्या त्या पातळ प्लायवर आला. चिमणीने मेन स्विच चालू केला, मायक्रोवेव्हचा दिवा लागला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा माझी बाजू थोपटून म्हणाला, "शाबास रे कपाटा." मी धरून राहिलो. दुसरे काय करणार होतो?

मला बोलता येत नाही, पण कुरकुरता येते. मी कुरकुरलो. दार उघडताना, लावताना, खाली पंखा सुरू होताना. आई म्हणाली, "अहो, कपाट कुरकुरतंय." बाबांनी माझ्या बिजागऱ्यांना तेल घातले. मग माझा तळ थोडा खाली झोळला आणि दार घासू लागले. आई पुन्हा म्हणाली, "दार नीट बसत नाही हो. कपाट खाली आलंय का?"

"हवा दमट आहे. दार फुगलंय," म्हणून बाबा रंधा घेऊन आले. दाराची खालची कड तासता तासता त्यांचा हात सहज माझ्या आत गेला. बोटे तळावरून फिरली आणि जिथे प्लाय खोलगट झाले होते, तिथे थांबली. कडेच्या चुका अर्ध्या उपसून आल्या होत्या. त्यांना त्या लागल्या. मला वाटले, आता तरी बोलतील. देव सुबुद्धी देतो ती अशाच वेळी देतो. बोटे थोडा वेळ तिथेच राहिली. मग त्यांनी हात काढून घेतला आणि दार आणखी थोडे तासले.

दुसऱ्या दिवसापासून घरात एक नवल घडले. बाबा स्वयंपाक करू लागले.

"तू बस, आज मी बघतो," ते आईला म्हणायचे. दूध तापवायचे ते बाबांनी, भाजी परतायची ती बाबांनी. आई शेगडीकडे वळली की ते कुठूनही धावत यायचे. चिमणीला तर त्यांनी शेगडीपाशी फिरकूही दिले नाही.

"आई, बाबांचं काहीतरी बिघडलंय," चिमणी म्हणाली.

"गप गं. इतक्या वर्षांनी सुधारतायत, नजर नको लावूस."

मामाला फोनवर सांगताना आईचा आवाज हसरा व्हायचा. "अरे, भाजीत मीठ दोनदा पडतं, पण मी बोलत नाही. उत्साह जायचा." शेजारणीही म्हणू लागल्या, नवरा असावा तर असा.

सगळ्यांना ती माया वाटली. माया होतीही, मी नाही कशाला म्हणू? जिथे धोका होता तिथे आईच्या जागी ते स्वतः उभे राहत होते. पण एक शब्द बोलायचा, तो मात्र त्यांना जमत नव्हता. माझ्याखाली डोके देणे त्यांना सोपे गेले. माझा तळ पातळ आहे असे सांगणे अवघड गेले. ते ढवळता ढवळता वर बघायचे आणि मी खाली बघायचो. असे आम्ही दोघे एकमेकांना ओळखून होतो.

शेवटी माझे बळ संपले. सकाळची वेळ होती, बाबा दूध तापवत होते. उजव्या बोल्टाची चकती प्लायमधून निसटली आणि पाठोपाठ समोरची पट्टी सुटली. मायक्रोवेव्हचे तोंड झपकन खाली आले आणि बाबांच्या खांद्यावर आदळले. भिंतीतल्या उभ्या लाकडाने मागची बाजू सोडली नाही, म्हणून तेवढ्यावर निभावले, नाहीतर सगळाच अंगावर आला असता. बाबांनी दुसऱ्या हाताने शेगडी बंद केली. चिमणीने धावत जाऊन मेन स्विच पाडला. दूध ओट्यावरून जमिनीवर ओघळत राहिले.

हाड मोडले नव्हते. हात गळ्यात बांधला गेला. मामा धापा टाकत आला. वाकडे लोंबणारे ते धूड पाहून त्याचा चेहरा पडला.

"दाजी, माझंच चुकलं का काही?"

"तुमचं काही नाही. लाकूड आतून सडलं असणार," बाबा म्हणाले. "कपाटानं दगा दिला."

मित्रांनो, हा शब्द मी ऐकला. आईनेही ऐकला. ती म्हणाली, "हे उभे होते म्हणून, नाहीतर मी असते तिथे," आणि तिचे डोळे भरले. बाबांनी तेही ऐकून घेतले आणि मान खाली घातली.

मामा मायक्रोवेव्ह उतरवून ठेवून गेला. आई पसारा आवरायला बसली. माझ्या तळाचा तुकडा तिने उचलला. रंगाचा पापुद्रा उडाला होता आणि त्याखाली खोक्यावरचे छापील बाण दिसत होते, ही बाजू वर ठेवा असे सांगणारे. तिने तुकडा नाकाशी धरला. सडका वास नव्हता, ओल नव्हती. कोरडे, करकरीत, पातळ प्लाय. तिने भोकातून बोट घालून पाहिले. मग तिला चकती आठवली असावी, तासलेले दार आठवले असावे, आणि रोजचे ते "तू बस, मी बघतो." तिने तो तुकडा पुसून बाजूला ठेवला.

बाबा जेवायला बसले तेव्हा तिने ताट ठेवले आणि ताटाशेजारी तो तुकडा ठेवला.

"तुम्हाला माहीत होतं."

बाबांनी घास खाली ठेवला. "हो."

"कधीपासून?"

"बनवलं तेव्हापासून."

"आणि मी येईल त्याला बोलावून दाखवत होते." तिचा आवाज चढला नाही. "चिमणी त्या शेगडीपाशी उभी असती तर?"

"म्हणून तर मीच उभा राहत होतो."

"उभं राहायला कुणी सांगितलं होतं? तोंड उघडायचं होतं. पातळ आहे म्हणाला असतात तर मी काय माहेरी जाणार होते? मी कपाट बघून नाही लग्न केलं तुमच्याशी."

बाबा रडले. मग जेवण तसेच ठेवून त्यांनी मामाला फोन लावला आणि म्हणाले, "पाहुणे, मघाशी खोटं बोललो मी. तळ पातळ होता. ड्रिल हवेत फिरवलं." पुढे दुकानातून नवे कपाट आले. आत जाड फळी आडवी टाकून मामाने मायक्रोवेव्ह पुन्हा टांगला, आणि बाबांनी एका हाताने त्याला स्क्रू पुरवले.

त्यांचे त्यांचे मिटले. नवऱ्याने बायकोची माफी मागितली, दाजीने मेहुण्याची मागितली. माझी कुणी मागितली नाही. मला उतरवून इथे आणले आणि माझ्यात रंगाचे डबे ठेवले. शेजारपाजारी अजूनही "ते दगा दिलेलं कपाट" म्हणूनच मला ओळखतात. खरे काय ते घराबाहेर कुणी सांगितले नाही. बाबा इथे येतात, डबा घेतात आणि माझ्याकडे न बघता आत जातात.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाच्या तरी भरवशावर काहीतरी जड टांगले जाईल. आधी वीज बंद करा, भिंतीतले लाकूड शोधा, आणि ज्या फळीवर भार टाकायचा तिच्या खालून हात फिरवून बघा. ती पातळ निघाली तर सरळ पातळ म्हणा आणि आधार द्या. आम्हा वस्तूंना त्याचा राग येत नाही. मी पातळ तळाने पुष्कळ वर्षे चहा-साखर वाहिली, आणि कुणी नुसते खरे बोलले असते तर आजही वाहत असतो.