दोन भावांच्या रेघा

मी एक जुना विषाणू आहे, मित्रांनो. दचकू नका, मी कुणाचं वाकडं करत नाही. कोंबड्यांच्या लशीतला मवाळ विषाणू मी. वाकडं करतो तो माझा भाऊ, आणि त्याचं नुसतं नाव काढलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आम्ही दोघे एकाच आजारी कोंबडीतून निघालो. त्याला होता तसा ठेवला. मला मात्र एका अंड्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या अंड्यात वाढवत नेलं, सगळा कडवेपणा जाईपर्यंत. पिल्लांना पाजलं तर आजार न होता फक्त ओळख पटावी, इतका मी गरीब झालो.

आणि त्याचा थाट बघा! स्वतंत्र खोली, दोन कुलपं, दारावर लाल पाटी. त्याच्या खोलीत जायचं तर हातमोजे, मुखपट्टी, बाहेर आल्यावर अंघोळ. मी आपला साध्या फ्रिजच्या दारात. पाहुणे विचारतात, "तो भयंकर विषाणू कुठे असतो हो?" तेही माझ्याकडे पाठ करून! मी इतकी पिल्लं वाचवली, पण वाचलेल्या पिल्लाची कधी बातमी होते का?

एके दिवशी कोंबड्या पाळणाऱ्या एक काकू मेलेल्या पिल्लांचं खोकं घेऊन प्रयोगशाळेत आल्या.

"डॉक्टरबाई, लस पाजूनही निम्मी पिल्लं आडवी झाली! ही लस आहे की नुसतं पाणी?"

त्या पिल्लांतून निघाला तो भाऊच. कुलपात एक तो, बाहेर मोकाट फिरणारा आणखी एक तो, आम्हा विषाणूंचं असंच असतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "याने रूप पालटलं असेल, तर जुनी लस मोडीत. नवी याच्यापासूनच करू." म्हणजे माझी जागाही त्यालाच! मेल्याला आणखी काय काय हवंय?

आमच्या अंगावरच्या ज्या खुणा कोंबडीचं रक्त ओळखतं, त्यांना प्रतिजन म्हणतात. बाईंनी बशीत पारदर्शक जेली ओतून तीन भोकं पाडली. एकात लस दिलेल्या कोंबडीच्या रक्तातलं पाणी, बाकी दोनांत आम्ही भाऊ. ओळख पटली की जेलीत पांढरी रेघ उमटते. खुणा सारख्या असल्या तर दोघांच्या रेघा एकमेकींना मिळतात, वेगळ्या असल्या तर छेदून जातात. जन्मभर त्याचं तोंड बघायला नको म्हणणारा मी, त्या बशीत देवाला विनवत होतो, की माझं तोंड त्याच्यासारखंच निघू दे.

रेघा मिळाल्या. बाई हसल्या, "अगदी सख्खे भाऊ!" मग काकूंकडे वळून म्हणाल्या, "लस कशात कालवली होती?"

"पाण्यात. जंतू मरावेत म्हणून त्यात औषधही टाकलं, चांगलं सढळ हाताने. पिल्लांचा जीव नाजूक ना!"

"अहो काकू, ही लस जिवंत असते. त्या औषधाने आधी तीच मेली."

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. पुढच्या पिल्लांना त्यांनी मला औषध न घातलेल्या स्वच्छ पाण्यातून पाजलं.

मित्रांनो, मला गारव्यात ठेवा आणि मी जिवंत आहे हे विसरू नका. परवा भावाच्या दाराला तिसरं कुलूप लागलं. जळलो, खोटं कशाला सांगू! पण काकूंच्या पिल्लांत तो शिरलाच ना, तर ती एवढीएवढीशी पिल्लं त्याला दारातच ओळखतील. कशावरून? माझ्या तोंडावरून.