ही नेग्लिजन्स कोण?

"ही नेग्लिजन्स कोण?"

शर्टाच्या खिशातली चिठ्ठी मी ह्यांच्या नाकासमोर धरली. देवनागरीत नाव, खाली दोन रेघा. महिनाभर नवरा पुटपुटत आंघोळीला जातो, मी खोलीत आले की वही उशीखाली सरकवतो. पन्नाशीतल्या लिफ्ट-मेकॅनिकला आता कसले थेर सुचणार, असं मनाला समजावून पाहिलं. पण मी मुळातच संशयी. पाणी कुठेतरी मुरतंय, हे मला लगेच कळतं.

"अगं, बाई नाही ती," हे म्हणाले. "इंग्रजी शब्द आहे. हलगर्जीपणा."

हसूच फुटणार होतं, पण ह्यांचा चेहरा पाहिला आणि ते गिळलं.

मागच्या महिन्यात ह्यांच्या ऑफिसातली लिफ्ट घसरली, एका शिपायाचा पाय मोडला. ब्रेक झिजलेत म्हणून ह्यांनी तीनदा लिहून दिलं होतं. साहेबांनी अपघाताचा इंग्रजी कागद पुढे केला आणि ह्यांनी सही ठोकली.

"नेग्लिजिबल म्हणजे किरकोळ, एवढं ठाऊक होतं. वाटलं, हा त्याचाच भाऊ. चूक किरकोळ आहे, असं लिहिलंय. सव्वीस वर्षं राबलो गं, आणि माझ्याच सहीने हलगर्जी ठरलो."

माझीच मला लाज वाटली. त्या दिवसापासून वही मी धरली. मी शब्द विचारायचे, हे अर्थ सांगायचे. लायबल म्हणजे जबाबदार, वेव्हर म्हणजे हक्क सोडणं, मग व्हॉलंटरी. माझी जीभ वळायची नाही, पण हे चुकले की मीच ओरडायचे.

सोमवारी साहेबांनी दोघांनाही बोलावलं. चहा मागवला, मला 'वहिनी' म्हणाले. माणूस विनाकारण गोड बोलायला लागला की माझ्या कपाळाला आठी पडते.

"साधा कागद आहे. सही करा, प्रकरण मिटलं."

हे वाचत बसले. बोट एकेका शब्दाखालून सरकत होतं. चहा गार झाला, साहेबांचं दोनदा घड्याळ बघून झालं. मग बोट थांबलं.

"व्हॉलंटरिली म्हणजे स्वखुशीने. साहेब, मी स्वखुशीने नोकरी सोडत नाहीये."

"अहो, नुसता शब्द आहे तो!"

"मागचाही नुसता शब्दच होता."

साहेबांचा आवाज चढला. "सही नाही केलीत तर काढून टाकावं लागेल. मग दुसरीकडेही कुणी दारात उभं करणार नाही."

"काढा. पण काढलं, असं लिहा." ह्यांनी कागद परत साहेबांकडे सरकवला.

साहेब माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही तरी समजवा त्यांना."

उद्यापासून घर कसं चालवायचं, काही सुचत नव्हतं.

"मला इंग्रजी येत नाही, साहेब," मी म्हणाले. "ह्यांना येतं."